रीमास्टर केलेल्या गेमला पूर्ण किंमत मोजावी का, हे कसे ठरवावे

जुना गेम नव्या गेमच्या किमतीत समोर आला, की त्यावर नेमके किती काम झाले आहे हे आधी पाहावे. मूळ सांगाडा तसाच ठेवून चित्र, ध्वनी आणि नियंत्रणे सुधारली तर तो रीमास्टर. गेम पायापासून पुन्हा बांधला तर तो रीमेक. आणि केवळ नव्या यंत्रावर चालता केला तर तो पोर्ट. जाहिरातींत हे शब्द सैलपणे वापरले जातात, म्हणून नावावर न जाता जुन्या व नव्या गेममधील एकच प्रसंग शेजारी शेजारी दाखवणारा व्हिडिओ शोधून पाहावा.

किमतीवरून कामाचा अंदाज तर मुळीच बांधू नये. निन्टेन्डोने २०२३ मध्ये 'मेट्रॉइड प्राइम'चा रीमास्टर ४० डॉलरना विकला. २००२ च्या त्या गेममधील पात्रे, भिंती, प्रकाश असे जवळजवळ सगळे त्यात नव्याने घडवलेले होते. त्याच कंपनीने २०२१ मध्ये २०११ च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'साठी ६० डॉलर घेतले. त्यात दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या दुप्पट झाली आणि बटणांनी खेळण्याची सोय आली, हे खरे. परंतु जमिनीवर कुठूनही थेट आकाशात जाण्याची सोय हवी असेल तर सुमारे २५ डॉलरची 'अमीबो' बाहुली (यंत्राला टेकवली की गेममधील सोय उघडणारी) वेगळी विकत घ्यावी लागत होती. खेळणाऱ्याचा वेळ वाचवणारी सोय पूर्ण किमतीत मिळायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या दिवशी खरेदी करण्याचा मोह आवरावा. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जीटीए'चे ('ग्रँड थेफ्ट ऑटो'चे) तीन जुने गेम ६० डॉलरच्या संचात आले, तेव्हा पावसाच्या पांढऱ्या रेघांनी समोरचा रस्ताच दिसेनासा होत होता. एका डोनटच्या दुकानावरील षटकोनी नट (बोल्टवर बसवतात तो) गुळगुळीत गोल झाला आणि 'नट' या शब्दावरचा मूळ विनोदच हरवला. गेमची कंपनी रॉकस्टारने माफी मागितली, पण मोठी सुधारणा व्हायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. अशा वेळी मूळ गेम अजून विकत मिळतो का, हेही तपासावे, कारण त्या संचासाठी जुन्या आवृत्त्या विक्रीतून काढल्या होत्या आणि नंतर पीसीवर परत आणाव्या लागल्या.

आपल्याकडे मूळ प्रत असेल, तर पूर्ण किंमत देण्यापूर्वी अपग्रेडची सोय पाहावी. 'होरायझन झिरो डॉन'चा २०२४ चा रीमास्टर नव्या ग्राहकाला ५० डॉलरना, तर जुन्या ग्राहकाला १० डॉलरना मिळत होता. मात्र प्रत डिस्कवर असेल, तर डिस्क ड्राइव्ह असलेलाच कन्सोल (गेम खेळण्याचे यंत्र) लागतो.

एवढे पाहूनही शंका उरली आणि गेम स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) असेल, तर खरेदीपासून १४ दिवसांत व दोन तासांहून कमी खेळले असताना पैसे परत मागता येतात. हे दोन तास सुरुवातीच्या चित्रफितीत घालवू नयेत. पाऊस, गर्दी किंवा मोठी लढाई असलेल्या प्रसंगापर्यंत लवकर पोहोचून गेम अडखळतो का, ते पाहावे.