व्हिडिओ एडिटिंगसाठी विंडोज, मॅक की लिनक्स : कोकणात राहून निवड कशी करावी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात लग्ने, शिमग्याच्या पालख्या आणि जत्रांतले दशावतार चित्रित करणारे तरुण संगणक घेण्याआधी बहुधा मुंबईतल्या मित्राचा सल्ला घेतात. मात्र त्या मित्राचे काम, त्याची वीज आणि त्याच्याजवळचा दुरुस्तीवाला हे सगळेच वेगळे असते. म्हणून निवडीची सुरुवात यंत्रापासून न करता स्वतःच्या कामापासून करावी.

सर्वप्रथम कॅमेऱ्यातून कोणत्या प्रकारची फाइल निघते ते पाहावे. दर सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने केलेले चित्रीकरण तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेते, म्हणजे दोन कॅमेरे लावून सहा तास टिपलेल्या दशावताराला ५४० जीबी लागतात. नवे कॅमेरे एच २६५ या फाइल दाबून लहान करणाऱ्या पद्धतीने, १० बिट ४:२:२ रंगांत, म्हणजे रंगांचा तपशील जास्त राखून, चित्रण करू शकतात. या फाइली आकाराने आटोपशीर, पण उलगडायला, म्हणजे पडद्यावर सुरळीत चालवायला, जड असतात. अॅपलच्या मॅकमधले एम मालिकेतले प्रोसेसर आणि इंटेलचे अलीकडचे अंतर्गत ग्राफिक्स असलेले प्रोसेसर त्या सहज उलगडतात, तर अनेक महागडी, पण थोडी जुनी ग्राफिक कार्डे इथेच अडखळतात. माझ्या मते पैसे मोजण्यापूर्वी तपासायची सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. संगणक आधीच घेतला असेल, तर मूळ फाइलींच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करून त्यांवर काम करावे.

दुसऱ्या पायरीवर एडिटिंगचा प्रोग्रॅम ठरवावा. फायनल कट प्रो या तीन प्रणालींपैकी केवळ मॅकवर चालतो. प्रीमियर प्रो विंडोज आणि मॅक या दोन्हींवर चालतो, पण त्याचे भाडे भरत राहावे लागते. दा विंची रिझॉल्व्ह तिन्हींवर चालतो आणि त्याची मोफत आवृत्ती लग्नाच्या कामाला पुरून उरते. मात्र लिनक्स या मुक्त प्रणालीवर हीच मोफत आवृत्ती एच २६५ आणि त्याआधीच्या एच २६४ पद्धतीच्या फाइली उघडत नाही, त्यामुळे त्या आधी दुसऱ्या स्वरूपात बदलून घ्याव्या लागतात. लिनक्सच हवे असेल, तर केडेनलाइव्ह हा मुक्त प्रोग्रॅम वापरून पाहावा.

त्यानंतर दुरुस्तीचा विचार करावा आणि त्यावर घाई करू नये. विंडोजच्या डेस्कटॉपमधला वीजपुरवठ्याचा डबा, मेमरी किंवा डिस्क चिपळूण-कणकवलीसारख्या बाजारपेठेतला जाणकार कारागीर बदलू शकतो. एम मालिकेच्या मॅकमधली मेमरी मात्र खरेदीनंतर वाढवता येत नाही, म्हणून ती सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी आणि अधिकृत सेवाकेंद्र आपल्यापासून किती लांब आहे याची चौकशीही आधीच करावी. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, त्यामुळे डेस्कटॉपला यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ पुरवठा चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, हवाच. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो आणि मॅकचे लॅपटॉप कमी विजेत बराच वेळ काम करतात, हा त्यांचा खरा फायदा आहे. खाऱ्या, दमट हवेने धातूचे जोड गंजतात, म्हणून समुद्रालगत राहणाऱ्यांनी यंत्र उघड्या खिडकीपाशी ठेवू नये. जुना विंडोज संगणक स्वस्तात मिळत असेल, तर तो विंडोज ११ पेलतो का हे विचारावे, कारण विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली.

मराठी शीर्षकांची परीक्षा सहसा राहून जाते. निवडलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘कुणकेश्वर’, ‘सिंधुदुर्ग’ असे शब्द युनिकोडमध्ये टंकून जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी जागच्या जागी उमटतात का ते पाहावे. प्रीमियरमध्ये अक्षरे तुटली, तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो.

शेवटी आपल्याच कॅमेऱ्याचे कार्ड घेऊन दुकानात किंवा ओळखीच्या स्टुडिओत जावे, दोन कॅमेऱ्यांची दृश्ये एकावर एक लावून, रंग सुधारून दहा मिनिटांची फीत तयार करावी आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. चित्रीकरण करणारा विंडोजवर आणि एडिटर मॅकवर असेल, तर देवाणघेवाणीची डिस्क दोन्हींवर लिहिता-वाचता येणाऱ्या एक्सफॅट स्वरूपात तयार करावी, कारण विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरच्या फाइली मॅक वाचतो, पण जादा सोय केल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट डिस्कवर फाइली उतरत असताना वीज गेली किंवा केबल निघाली, तर डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी बिघडू शकतात. तेव्हा दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर उतरेपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.