काउंटरवरचं हसू: केव्हा, किती आणि कुठे आवरायचं

पतपेढीचा काउंटर, औषधांचं दुकान, दवाखान्यातली केसपेपरची खिडकी, एसटीचं आरक्षण. अशा जागी बसणाऱ्याला पहिल्या दिवशी एक सूचना हमखास मिळते: हसतमुख राहा. सूचना वाईट नाही, पण अर्धवट आहे. आठ तास चेहऱ्यावर चिकटवून ठेवलेलं हसू गिऱ्हाइकाला लगेच ओळखू येतं आणि हसणाऱ्याचे गाल दुपारपर्यंत दुखायला लागतात. कामाला येतं ते एखाद-दोन सेकंदांचं, वेळेवर आलेलं हसू.

आधी चेहऱ्यात काय घडतं ते पाहू. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत एक स्नायू येतो, तो कोपरा वर ओढतो. दुसरा स्नायू डोळ्याभोवती गोल असतो. तो आकसला की गाल वर सरकतात, खालची पापणी किंचित फुगते आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा प्रवाह देऊन हे तपासलं आणि १८६२ साली मांडलं. ओठांचा स्नायू आपल्या इच्छेने हलतो, डोळ्यांचा मात्र मनापासून आनंद झाला तरच, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे दिसून आलं की बऱ्याच जणांना डोळ्यांचा स्नायूही मुद्दाम आकसता येतो. तेव्हा सुरकुत्या म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे. पण ओठ ताणलेले आणि डोळे कोरे, हे जे काही दिसतं ते कुणालाच आवडत नाही.

वेगाकडे तर कुणी लक्षच देत नाही, आणि बहुतेक हसू तिथेच फसतं. सहज आलेलं हसू हळूहळू चढतं आणि हळूहळू उतरतं. ओढून आणलेलं हसू बटण दाबल्यासारखं लागतं आणि मान वळायच्या आत विझतं. त्या विझण्यातच माणसाला आपण टाळले गेल्याचं जाणवतं.

म्हणून क्रम असा ठेवा. माणूस खिडकीशी आला की आधी हातातलं काम थांबवा आणि स्क्रीनवरून नजर उचला. त्याच्याकडे बघा, ओळखीचा आहे का, घाईत आहे का, चेहरा उतरलेला आहे का, एवढं एका नजरेत कळतं. मग हसा. मग बोला: "बोला काका", "या ताई, काय काम होतं?" बघण्याआधीच हसलात तर ते हसू त्या माणसासाठी नसतं, रांगेसाठी असतं. हातात नोटा मोजणं चालू असेल तर मोजणी अर्ध्यावर सोडू नका. मान हलवून "एक मिनिट हं" म्हणा, बंडल पूर्ण करा आणि मग वर बघा. दात दिसलेच पाहिजेत असंही नाही. ओठ मिटलेले असले तरी गाल उचलले गेले की पुरे.

बसायची जागा बिघडलेली असेल तर यातलं काहीच पोचत नाही. मॉनिटर तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधोमध असेल तर तो थोडा बाजूला सरकवा. ट्यूबलाइट तुमच्या पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो. दिवा समोरून किंवा वरून यायला हवा. काचेवर "सुट्टे पैसे द्या", "जेवणाची सुट्टी", "पासबुक प्रिंटर बंद आहे" असे कागद बरोबर तोंडाच्या उंचीवर चिकटवलेले असतात. ते खाली हलवा. मास्क लावून काम असेल तर फक्त डोळे दिसतात, तेव्हा मान किंचित झुकवणं आणि आवाज यांच्यावर भिस्त ठेवा.

फोनवर चेहरा दिसत नसला तरी हसू ऐकू येतं. ओठ ताणले गेले की तोंडातली पोकळी थोडी आखूड होते आणि आवाज उजळ होतो. फोन उचलून "हॅलो" म्हटल्यावर हसण्यात अर्थ नाही. उचलण्याआधीच गाल उचला.

आता कुठे हसायचं नाही ते. नवरा गेल्यावर मृत्यूचा दाखला घेऊन खातं बंद करायला आलेल्या मावशींसमोर नेहमीचं स्वागताचं हसू म्हणजे चपराक. तिथे आवाज खाली आणा, "बसा मावशी" म्हणा, कागद स्वतः क्रमाने लावून द्या. चिडून आलेल्या माणसासमोरही सुरुवातीला हसू नका. त्याला ते कुत्सितच वाटणार. भुवया सैल, ओठ मिटलेले, आणि त्याचं पूर्ण ऐकून तक्रार एका वाक्यात त्याला परत सांगा. काम झालं की निरोप देताना हसा. "सिस्टिम बंद आहे" हेही हसत सांगू नये. रांगेत तासभर उभा राहिलेला माणूस त्यात आपली चेष्टा बघतो. बोलता-बोलता सहकाऱ्याकडे बघून गालातल्या गालात हसणं तर सगळ्यांत वाईट. विनोद दुसराच असला तरी समोरच्याला तो आपल्यावरच वाटतो.

काउंटरवरच्या मुलींच्या हसण्याचा काही जण भलता अर्थ काढतात. असा माणूस आला की हसू बंद, काम चालू, उत्तरं मोजकी. वरिष्ठांनी यावर "गिऱ्हाईक नाराज होईल" म्हणणं ही त्यांची चूक.

दिवसभर हसून येणाऱ्या थकव्याचं कारण समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविकांच्या कामावरून मांडलं होतं. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं, असं दिवसभर ठेवणं हेही श्रमच असतात. "हसत राहा, आपोआप बरं वाटेल" हा सल्ला यावर कितपत चालतो? पेन दातांत धरून चेहरा हसरा करायचा १९८८ चा गाजलेला प्रयोग २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी पुन्हा केला, तेव्हा चेहरा हसरा केल्याने व्यंगचित्रं जास्त गमतीशीर वाटतात हा मूळचा परिणाम दिसला नाही. २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ जणांवर झालेल्या अभ्यासात मुद्दाम हसल्याने मन थोडंसं खुलतं असं दिसलं, पण थोडंसंच. त्यावर आठ तासांची पाळी काढता येत नाही. दोन गिऱ्हाइकांच्या मधे चेहरा पूर्ण सैल सोडा, जबडा मोकळा करा, पाणी प्या. मधल्या त्या गंभीर चेहऱ्याबद्दल कुणी टोकू नये.

रोजची माणसं हसताना कशी दिसतात हेही लक्षात राहू द्या. पेन्शनला येणाऱ्या आजोबांच्या तोंडाची एक बाजू अचानक लोंबलेली दिसली, तर त्यांना हसून दाखवायला सांगा. एकच कोपरा वर जातो का ते बघा. दोन्ही हात समोर उचलायला लावा, एक साधं वाक्य बोलायला सांगा. हात खाली येत असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर अर्धांगाचा झटका असू शकतो. यातलं एकच लक्षण असलं तरी वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा. खायला-प्यायला काही देऊ नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे त्रास किती वाजता सुरू झाला ते एका चिठ्ठीवर लिहून सोबत जाणाऱ्याच्या हातात द्या.