तालमीच्या फुटबॉल टीमचा इतिहास लिहायचाय? आधी माळ्यावरची ट्रंक उघडा

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही, तिची फुटबॉल टीमपण असते. कुठल्याही पेठेतल्या तालमीत जाऊन विचारा, टीम कधी सुरू झाली? चार म्हातारी माणसं पाच सालं सांगतील. आमच्या टीमचा इतिहास गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर मला मोबाईलवर मराठी टायपिंग येतं. त्यात मी जे धडपडलो ते तुमचं वाचावं म्हणून लिहितोय.

पहिली चूक म्हणजे सालापासून सुरुवात केली. बोर्डावर १९५३ होतं, ते धरून मोकळा झालो. नंतर कळलं ते धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं साल आहे. आता तो सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदाच १९५० चा, आणि त्याच्या आधी १ मार्च १९४९ पर्यंत इथं संस्थान होतं, मग त्या काळात खेळणाऱ्या टीमची नोंद त्या कायद्याखाली सापडणार कशी? नोंदणीचं साल म्हणजे गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली १ जून, तेवढाच त्याच्यावर विश्वास ठेवायचा. तरी त्या ऑफिसात जाच. परिशिष्ट एकचा (म्हणजे संस्थेच्या नोंदणीचा) उतारा आणि जुन्या चेंज रिपोर्टच्या नकला मागा, कोण पदाधिकारी गेला कोण आला ती नावं त्यात मिळतात, फक्त दोनचार हेलपाटे धरून चाला.

मग ट्रंक. बक्षिसाच्या ढाली, पावतीपुस्तकं, लेटरहेड, काय असेल ते बाहेर काढा आणि लगेच पुसू नका, आधी आहे तसा फोटो घ्या. तारीख नसली तरी कागद बोलतो. वर्गणीच्या पावतीवर 'आठ आणे' असेल तर बहुतेक १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले (लोक पुढं काही वर्षं आणेच म्हणत होते, म्हणून बहुतेक म्हटलं). लेटरहेडवर पिनकोड छापलाय? मग तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. आमच्या ट्रंकेत एका ढालीवर पितळी पट्टी निघाली, चिंच लावून घासली तर १९४८. झालं, बोर्ड पाच वर्षं मागं गेला.

२०१९ च्या पुरात भिजलेले फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेत का? ओढू नका! मी एक ओढला, गोलकीपरचं तोंड काचेवरच राहिलं. काचेसकट स्कॅन करा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर तो दाबून बारीक करतो.

आता म्हातारी मंडळी. एकेकट्याला गाठू नका, दोघांना एकत्र बसवा, चहा सांगा, मधे टीमचा फोटो ठेवा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा (आधी विचारून हां). "इतिहास सांगा" म्हटलं की भाषण सुरू होतं, त्यापेक्षा "डावीकडनं तिसरा कोण, त्याच्या पायात बूट का नाहीत" असं विचारा, मग ते आपोआप एकमेकांना खोटं पाडत खरं सांगतात. सालं मात्र त्यांच्याकडनं घेऊ नका. एका काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की १९६२ च्या फायनलला त्यांना रेड कार्ड मिळालं. कार्डं पहिल्यांदा वापरली १९७० च्या वर्ल्ड कपला. काका खोटं बोलत नव्हते, बाहेर काढलं असणारच, कार्ड मागनं आठवणीत शिरलं. टायब्रेकरच्या (बरोबरी झाली की पेनल्टी मारून निकाल) गोष्टींचंपण तसंच, तोही नियमात १९७० लाच आला.

मॅचचे निकाल पेपरमधनं पडताळा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, तिथं जुने अंक बघायला मिळतात का विचारा. निकाल जिंकलेले तेवढेच घेऊ नका, शाहू स्टेडियमवर सपाटून मार खाल्लेल्या मॅचापण लिहा, लोक त्याच आधी वाचतात. राड्यांचं लिहायचं तर लिहा, पण हयात माणसांची नावं टाकू नका, पोरंबाळं आहेत त्यांना. आणि मैदानावर पाणी मारणारा, जर्स्या धुणारी मावशी, यांना नेत्यांच्या फोटोच्या आधी जागा द्या. नेते फ्लेक्सवर असतातच की.

शेवटी ज्यांची नावं लागत नाहीत त्या चेहऱ्यांना नंबर टाकून मोठी प्रिंट तालमीत लावा, शेजारी कोरा कागद आणि दोरीला बांधलेलं पेन. न बांधलेलं पेन दोन दिवस टिकत नाही. आमच्याकडं सात नंबरपुढं सध्या तीन नावं आलीत, तिन्ही घरची माणसं म्हणतात आजोबा आमचेच.