पेटुनियाचे पिवळे शेंडे

कुंडीतल्या पेटुनियाची शेंड्याकडची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. खालची पानं ठणठणीत. नत्र कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी झाली असती, म्हणून खत वाढवलं नाही. ही लक्षणं लोहाच्या कमतरतेची.

कुंडीतल्या माती-खताच्या मिश्रणाचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) मोजला, तो ७ च्या आसपास. पेटुनियाला ५.५ ते ६ लागतो. त्याच्या बराच वर गेला की लोह असूनही मुळांना मिळत नाही. पाण्यात बायकार्बोनेट (आम्लता मारणारा क्षार) जास्त असलं की सामू हळूहळू चढतो, आणि कुंडीत मिश्रण थोडं असल्याने लवकर चढतो. त्याच पाण्यावरचा झेंडू मजेत होता, कारण त्याची मुळं लोह चांगलं ओढतात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

पाण्यात सायट्रिक आम्ल मिसळून त्याचा सामू ६ च्या खाली आणला. सोबत ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, मुळाशी दिलं. ईडीटीए हा चिलेटेड लोहाचा दुसरा प्रकार इतक्या सामूला टिकत नाही. पानांवर उडालेलं द्रावण लगेच धुतलं, नाहीतर डाग पडतात. नवी पालवी हिरवीगार आली. झेंडूला मात्र हे आम्लाचं पाणी देत नाही, सामू फार उतरला तर त्याला लोह जास्त होऊन पानांवर ठिपके पडतात.