हब मोटर घरी सील करताना या चुका टाळा

पावसात भिजलेली ई-सायकल दोन-चार दिवसांनी धक्के मारायला लागली, की बहुतेकांच्या डोक्यात एकच उपाय येतो: चाकाच्या मध्यभागी बसवलेली हब मोटर खोलायची, सगळीकडे सिलिकॉन फासायचं आणि ती हवाबंद करून टाकायची. या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

चालताना मोटर तापते आणि आतली हवा फुगून मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. मग चाक डबक्यातून गेलं की कव्हर झटकन थंड होतं. बंद डब्यातली हवा ८० अंश सेल्सिअसवरून २५ वर आली, तर तिचा दाब साधारण १५ टक्क्यांनी उतरतो. एवढी ओढ पाणी आत खेचायला भरपूर झाली. ते बेअरिंगच्या सीलमधून येतं आणि ॲक्सलमधून (चाकाच्या आसातून) निघणाऱ्या केबलमधूनही येतं, कारण केबलच्या आवरणात तारांच्या मध्ये पोकळी असतेच. कव्हरच्या कडेला कितीही सिलिकॉन लावलं तरी ही वाट उघडीच राहते. उलट आत गेलेलं पाणी त्याच सिलिकॉनमुळे अडकून बसतं. मोटर तापली की त्याची वाफ, थंड झाली की आतून दव, आणि शेवटी गंज.

म्हणून मोटरला श्वास घेऊ द्या आणि आतले भाग पाण्याला तोंड देतील असे करा.

डायरेक्ट ड्राइव्ह (आत गिअर नसलेल्या) मोटरच्या एका कव्हरला, बाहेरच्या कडेला मॅग्नेटच्या कड्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन, समान अंतरावर ३ मिलिमीटरची तीन-चार भोकं पाडली की काम होतं. चाक फिरताना पाणी कडेला फेकलं जातं आणि तिथूनच बाहेर पडतं. भोकं मध्याजवळ पाडणं ही नेहमीची चूक. तिथून हवा जाते, पाणी जात नाही. अपवाद एकच: थंडाव्यासाठी आत फेरोफ्लुइड (मॅग्नेटला चिकटून राहणारं द्रव) घालणार असाल, तर कडेच्या भोकातून तेही उडून जाईल. दोन्हींतलं एकच निवडा. गिअरवाल्या मोटरला मात्र भोकं पाडू नका आणि फेरोफ्लुइडही घालू नका. धूळ ग्रीसमध्ये मिसळली की नायलॉनचे दात झिजतात.

ड्रिल चालवताना कव्हर सुटं करून दूर न्या. मोटरच्या आत गेलेला धातूचा बारीक कीस काढणं म्हणजे वैताग असतो. मोटर उघडण्यापूर्वी कव्हर आणि हबवर जुळणारी खूण करा. स्टेटर (तांब्याच्या तारा गुंडाळलेला, न फिरणारा आतला भाग) बाहेर काढताना बोटं मध्ये ठेवू नका. मॅग्नेट त्याला एवढ्या जोरात परत ओढतात की बोट चेचलं जाऊ शकतं. ॲक्सलच्या आट्यांवर हातोडा मारण्यापेक्षा पुलर (खेचून काढायचं अवजार) वापरा.

आता लेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मोटरच्या आत चालत नाही. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तांबं, लोखंड, मॅग्नेटची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरचे बारीक पाय खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. स्टेटरवर मोटर वायंडिंगचं वॉर्निश किंवा उष्णता सोसणारं इपॉक्सी लावा, पण आधी स्टेटर पूर्ण वाळवा, गंज घासून काढा आणि तेलकटपणा पुसा. स्टेटरच्या ओल्या पत्र्यांवर लेप म्हणजे ओल कोंडून ठेवणं. लेप पातळही हवा. स्टेटर आणि मॅग्नेटमधली फट बहुधा १ मिलिमीटरहून कमी असते. वॉर्निशचा एखादा थेंब पत्र्यांच्या तोंडावर गोठला तरी चाक फिरवताना खर्र-खर्र आवाज येतो. असा आवाज आला तर मोटर पुन्हा उघडा. ‘चालून चालून घासला जाईल’ या भरवशावर राहू नका.

बेअरिंग बदलणार असाल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली घ्या. नुसत्या पत्र्याच्या झाकणाची बेअरिंग धूळ अडवते, पाणी नाही. केबल ॲक्सलपासून आधी खाली झुकवून मग वर न्या. थेंब त्या वळणाच्या तळाशी गळतो, मोटरकडे ओघळत नाही.

बंद केल्यावर मोटर बिघडलेली वाटली तर लगेच पुन्हा खोलायला धावू नका. आधी मोटरकडून कंट्रोलरकडे (मोटरला वीज देणाऱ्या डब्याकडे) जाणाऱ्या तिन्ही जाड तारा, म्हणजे फेज, सोडवा, त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका आणि चाक हाताने फिरवा. तरीही ते जडच, अडखळत फिरलं, तर आत कुठेतरी दोन फेज भिडल्या आहेत. कव्हर बसवताना किंवा ॲक्सलच्या तोंडाशी केबल चिमटली असण्याची शक्यता मोठी. तारा सोडवल्यावर चाक मोकळं झालं, तर दोष कंट्रोलरचा. प्रत्येक फेज आणि ॲक्सल यांच्यात मल्टिमीटरने सातत्य (विजेची अखंड जोडणी) दिसता कामा नये.

चाक मोकळं आहे पण मोटर धक्के मारते, तर संशय हॉल सेन्सरवर. बॅटरी चालू असताना सेन्सरच्या बारीक लाल-काळ्या तारांवर साधारण ५ व्होल्ट आहेत का ते बघा. मग काळी आणि प्रत्येक सिग्नल तार यांच्यात मीटर लावून चाक अगदी हळू फिरवा. आकडा शून्याजवळ आणि ५ जवळ असा उड्या मारत राहिला पाहिजे. एखाद्या तारेचा आकडा जागचा हलत नसेल, तर आधी कनेक्टर उघडून बघा: पिनांवर हिरवट थर दिसला, तर मोटर न खोलताच काम संपू शकतं.