गोव्यात ‘पायलट’ कुणाला म्हणतात

नोकरीसाठी गोव्यात नवीन आलात की दोन-चार दिवसांत कुणीतरी सांगेल, “बसची वाट बघू नका, पायलट करा.” इथे पायलट म्हणजे भाड्याने मोटरसायकल चालवणारा. तुम्ही मागे बसायचं, तो सांगाल तिथे सोडतो. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा इथे बसस्टँड-बाजाराजवळ त्यांचे स्टँड आहेत.

खूण सोपी आहे: पुढचा मडगार्ड पिवळा आणि पिवळ्या नंबरप्लेटवर काळी अक्षरं. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असली तर ती ‘रेंट अ बाईक’, म्हणजे स्वतः चालवायला मिळणारी. पांढरी प्लेट खाजगी. तिच्यावर भाडं देऊन बसू नका, अपघात झाला तर विम्याचं भांडण तुमच्याच गळ्यात पडतं.

पायलटची खरी गरज शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला लागते. मडगावचं रेल्वे स्टेशन एकीकडे आणि कदंब (सरकारी बस) स्टँड दुसरीकडे. पणजीला तर रेल्वेच नाही, करमळीला उतरावं लागतं. गावातली बस मुख्य रस्त्यावर सोडून पुढे जाते आणि वाडा, म्हणजे गावातली वस्ती, आत असतो.

बसण्याआधी भाडं ठरवा. “कितले जातले?” (किती होतील?) एवढं कोकणी पुरतं, मराठीत विचारलंत तरी बहुतेकांना समजतं. नुसतं गावाचं नाव सांगू नका. वाडा आणि जवळचं देऊळ, चॅपेल (छोटं चर्च) किंवा शाळा सांगा, कारण गावं पसरलेली असतात आणि मुक्कामावर पोचल्यावर “हे तर आणखी पुढे” म्हणून वाद होतो. लांबच्या गावातून परतीला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून तो रिकाम्या फेरीचेही पैसे धरतो. तेही आधीच बोलून घ्या. स्टँडवर पायलटांचा नंबर लागलेला असतो, पुढे उभा असलेल्यालाच विचारा. सुटे पैसे जवळ ठेवा.

गाडीवर एकच माणूस. मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, रोजचं जाणं-येणं असेल तर स्वतःचं घ्याच. चढ-उतार डाव्या बाजूने करा, बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि पोटरी भाजते. पदर, ओढणी खोचून घ्या, चाकात गेली तर जिवावर बेततं. पाठीवरची बॅग चालते, मोठी सुटकेस नाही, तिच्यासाठी रिक्षा बघा. पावसात छत्री उघडून बसू नका, रेनकोट घाला.

संध्याकाळ उलटली की गावाकडच्या बसही कमी होतात आणि स्टँडवरचे पायलटही. उशिरा सुटणारी पाळी असेल तर घराजवळच्या स्टँडवरच्या एका-दोघांचे फोन नंबर दिवसाच घेऊन ठेवा.