संरक्षण आदेश आणि जामिनाच्या अटी: मागणी नेमकी कशी लिहायची

मारहाण करणाऱ्या नवऱ्याला किंवा सासरच्या माणसाला लांब ठेवणारे दोन वेगळे कागद असतात. एक, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खालचा संरक्षण आदेश. दुसरा, त्याला अटक झाली असेल तर जामिनाचा आदेश आणि त्यातल्या अटी. पहिला तुम्ही अर्ज करून मिळवता. दुसरा फौजदारी प्रकरणात निघतो, आणि तिथे तुम्ही गप्प राहिलात तर अटी तुम्हाला न विचारताच ठरतात.

संरक्षण आदेशाचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) करा किंवा थेट. माहेरी तात्पुरत्या राहत असाल तर तिथल्या कोर्टातही चालतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा (हेल्पलाइन १५१००). मोफत वकिलासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही. कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी, पण नोटीस बजावण्यातच बरेच दिवस जाऊ शकतात. म्हणून मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी कलम २३ चा अंतरिम अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडा. धोका तातडीचा असेल तर एकतर्फी, म्हणजे समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच, आदेश मागता येतो. प्रतिज्ञापत्रात 'नेहमी मारतो' एवढ्यावर थांबू नका. शेवटचा प्रसंग कोणत्या तारखेला, कुठे, कशाने, कोणासमोर झाला ते लिहा.

सगळ्यात जास्त चुका मागणीच्या परिच्छेदात होतात. 'गैरअर्जदाराने (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याने) त्रास देऊ नये' असा आदेश मिळाला तर पोलीस ठाण्यात प्रश्न येतो, त्रास म्हणजे काय? त्याऐवजी असं लिहा: 'गैरअर्जदाराने अर्जदाराच्या राहत्या घरी, इमारतीच्या आवारात, कामाच्या ठिकाणी व मुलीच्या शाळेत येऊ नये, फोन, व्हॉट्सअॅप, ईमेल किंवा नातेवाइकांमार्फत संपर्क साधू नये, संयुक्त बँक खाते, लॉकर व स्त्रीधन यांचा व्यवहार करू नये.' घराचा, ऑफिसचा, शाळेचा पूर्ण पत्ता टाका. तुम्हाला आसरा देणाऱ्या भावाला किंवा शेजारणीला धमक्या येत असतील तर त्यांचंही संरक्षण मागा, कलम १८ मध्ये ती तरतूद आहे. कलम ३१ ची शिक्षा संरक्षण आदेशाच्या भंगासाठी आहे, म्हणून लांब राहण्याच्या मागण्या कलम १८ खालीच स्पष्ट लिहा. फक्त घरात राहण्याच्या हक्काच्या (निवासाच्या) मागणीत घालू नका.

आदेश झाला की प्रत मोफत मिळते आणि ती पोलीस ठाण्यालाही पाठवायची असते. तरी स्वतः एक प्रत ठाण्यात देऊन आवक शिक्का घ्या. प्रत पोहोचली नाही म्हणून अख्खी रात्र वाया जाऊ शकते.

जामिनाच्या सुनावणीची तारीख तपास अधिकाऱ्याला विचारत राहा. जामिनाच्या टप्प्यावरही पीडितेला म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जगजीत सिंग प्रकरणात सांगितलं. सरकारी वकिलाकडे एक पानी लेखी म्हणणं द्या: आरोपी कुठे राहणार, तुमच्या घरापासून किती लांब, किल्ली कोणाकडे, घरात हत्यार आहे का, दारू पिऊन येतो का. संरक्षण आदेशाच्या भंगात अटक झाली असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या नियमांपैकी नियम १५ मध्येच जामिनाच्या अटी सुचवल्या आहेत: संपर्कबंदी, घर सोडून लांब राहणं, हत्यार बाळगण्यास बंदी, दारूबंदी. मुलांना भेटण्याचा मुद्दा मोकळा ठेवू नका; 'मुलाला बघायला आलो' हे दारात उभं राहण्याचं सोपं निमित्त होतं.

भंग झाला तर वाटा दोन. जामिनाची अट मोडणं हा आपोआप नवा गुन्हा होत नाही. त्यासाठी जामीन रद्द करण्याचा अर्ज लागतो. संरक्षण आदेश मोडणं मात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र आहे. मेसेज पुसू नका; नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि मूळ फोन जपा. मारणारा समोर असेल तर आधी ११२ वर फोन करा. ठाण्यात 'एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो' म्हणाले तर हा गुन्हा दखलपात्र ठरवणारं कलम ३२ दाखवा. तरीही ऐकलं नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती ठेवा, आणि त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे भंगाचा अर्ज द्या.